फिरत्या तारांगणातली अवकाशयाने : सोलापुरात पाहिलेल्या एका खेळाचे परीक्षण

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेच्या सभागृहात फिरत्या तारांगणाचे खेळ झाले. हवा भरून उभारलेला काळ्या कापडाचा घुमट, त्यात खाली बसून किंवा आडवे होऊन पाहायची पाऊण तासाची चित्रफीत आणि शेवटी सादरकर्तीबरोबर प्रश्नोत्तरे, असे त्यांचे स्वरूप होते. तिकीट माणशी ८० रुपये होते. नेहमीचे राशी-नक्षत्रांचे दर्शन बाजूला ठेवून या मंडळींनी माणूस सोबत न घेता प्रवास करणाऱ्या यानांचा विषय निवडला होता, आणि एवढ्या एका निवडीसाठीही त्यांचे कौतुक करायला हवे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. खेळ मी शाळकरी मुलांच्या गटात बसून पाहिला आणि नंतर सादरकर्तीशी सविस्तर बोललो. माझे मत आधीच नोंदवतो: खेळ पाहण्यासारखा आहे, शाळांनी तो जरूर बोलवावा, मात्र त्याच्या संहितेत काही गंभीर उणिवा आहेत आणि त्या दूर करणे आयोजकांच्या आवाक्यातले आहे.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. घुमटात शिरताना कापडी बोगद्यातून वाकून जावे लागते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी याचा आधी विचार करावा. आत सतरंज्यांवर सोलापुरी चादरी अंथरल्या होत्या आणि मधोमध रुंद कोनाचे भिंग लावलेला प्रोजेक्टर होता. भिंगाच्या अगदी जवळ बसल्यास चित्र डोक्यावर उत्तम दिसते, कडेला बसल्यास समोरची बाजू ताणल्यासारखी दिसते. घुमट फुगलेला राहावा म्हणून पंखा सतत चालू असतो आणि त्याची घरघर निवेदनात मिसळते. पंख्याच्या बाजूला बसलेल्यांना काही वाक्ये ऐकूच आली नाहीत. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे असताना दुपारच्या खेळात आत बसणे लहान मुलांना जड जाते. सकाळचा पहिला खेळ निवडावा.

चित्रफितीची सुरुवात चंद्रापासून होते. सोव्हिएत संघाचे ल्यूना २ हे यान सप्टेंबर १९५९ मध्ये चंद्रावर आदळले आणि त्यानंतर महिन्याभरातच ल्यूना ३ ने चंद्राच्या मागच्या बाजूची, पृथ्वीवरून कधीही न दिसणाऱ्या बाजूची, पहिली छायाचित्रे पाठवली. ती धूसर, रेघाळलेली छायाचित्रे घुमटभर पसरवून दाखवली तेव्हा आजूबाजूची मुले गप्प झाली. त्यापाठोपाठ डिसेंबर १९६२ मध्ये शुक्राजवळून गेलेले मरिनर २ येते. दुसऱ्या ग्रहाची जवळून पाहणी करून माहिती धाडणारे ते पहिले यान. त्यानंतर खेळातला माझ्या मते सर्वांत चांगला प्रसंग आहे, आणि त्यावर थोडे थांबून लिहायला हवे.

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेले. त्याच्या प्रत्येक छायाचित्रात २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड शून्य ते ६३ यांपैकी एका आकड्याने सांगितला जाई. यानाकडून माहिती येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ८ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे आठ अंक, इतका मंद होता. एका ठिपक्याला ६ बिट, म्हणून एका छायाचित्रात २ लाख ४० हजार बिट. भागाकार केला की एक चित्र पूर्ण उतरायला सुमारे आठ तास लागत होते, हे नववीतला विद्यार्थीही काढू शकतो. कॅलिफोर्नियातील नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीमधल्या अभियंत्यांना एवढा धीर निघाला नाही. त्यांनी छापून येणाऱ्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवून खडूने त्या हाताने रंगवल्या. ठिपक्यांच्या रांगोळीत जसे रंग भरत भरत रूप उमटते, तशी त्या पट्ट्यांवर मंगळाची कड उमटली. दुसऱ्या ग्रहाजवळून काढलेले पहिले चित्र माणसाने आधी खडूने रंगवून पाहिले, ही गोष्ट या खेळात तो रंगीत फलक अगदी जवळून दाखवून सांगितली आहे. पट्ट्यांवरचे आकडे वाचता येतात, खडूचे ओरखडे दिसतात. सादरकर्तीने इथे चित्रफीत थांबवली आणि मुलांना आकडे मोठ्याने वाचायला लावले. हा निर्णय फार चांगला होता. यानाचे ‘पाहणे’ म्हणजे आकडे गोळा करून ते रेडिओलहरींवर धाडणे असते, हे मुलांना त्या एका मिनिटात समजले, आणि पुढच्या प्रत्येक चित्राकडे ती वेगळ्या नजरेने पाहू लागली.

यापुढे संहिता एका मोहात अडकते, आणि तो मोह किलोमीटरचा आहे. प्रत्येक यानाच्या नावाखाली अंतराचा आकडा झळकतो, निवेदक तो आवाज चढवून वाचतो आणि आपण किती दूर गेलो याचे उत्तर जणू त्या आकड्यातच आहे असा समज होतो. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. गेल्या साठ-पासष्ट वर्षांतली प्रगती अंतराने मोजली तर तिचा निम्मा अर्थ हातून सुटतो, कारण खरा प्रवास एका कौशल्याकडून पुढच्या कौशल्याकडे झाला आहे. आधी आपण ग्रहाच्या जवळून निसटून जायला शिकलो. मग वेग नेमका कमी करून त्याच्याभोवती फिरत राहायला शिकलो, जे नोव्हेंबर १९७१ मध्ये मंगळाभोवती मरिनर ९ ने पहिल्यांदा साधले. मग उतरायला, उतरल्यावर टिकून राहायला, तिथे चालायला, उडायला, आणि अखेर तिथली माती घेऊन परत यायला. या पायऱ्यांवर ग्रह मांडले की चित्र निराळेच दिसते. मंगळ शेवटून दुसऱ्या पायरीवर आहे. युरेनस आणि नेपच्यून अजून पहिल्याच पायरीवर आहेत, कारण त्यांच्याजवळून आजवर एकच यान गेले: व्हॉयेजर २, जानेवारी १९८६ मध्ये आणि ऑगस्ट १९८९ मध्ये. त्यानंतर तिकडे कोणीही फिरकलेले नाही. हे वाक्य संपूर्ण खेळात कुठेही नाही, आणि ते नसल्यामुळे मुलांना सूर्यमाला पाहून संपली आहे असे वाटते.

चांगली गोष्ट अशी की शुक्राच्या भागात संहिता आपोआप या योग्य वाटेवर येते. शुक्र आपल्याला जवळचा ग्रह. तिथे अंतराचा बडेजाव चालत नाही. अडचण आहे ती तिथे टिकण्याची. पृष्ठभागावर तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट. डिसेंबर १९७० मध्ये व्हेनेरा ७ तिथे उतरले, पॅराशूटने दगा दिल्यामुळे बरेच जोरात आपटले आणि तरीही २३ मिनिटे अतिशय क्षीण संदेश पाठवत राहिले. तो संदेश ध्वनिफितीच्या गोंगाटातून नंतर शोधून काढावा लागला. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिला संदेश. ऑक्टोबर १९७५ मध्ये व्हेनेरा ९ ने तिथल्या दगडांचे पहिले छायाचित्र पाठवले. १ मार्च १९८२ रोजी उतरलेल्या व्हेनेरा १३ कडून ३२ मिनिटांची अपेक्षा होती आणि ते १२७ मिनिटे चालले. घुमटावर त्याचे रंगीत छायाचित्र येते: पिवळट-नारिंगी उजेड, पापुद्र्यांसारखे चपटे खडक आणि खालच्या कडेला यानाच्या कड्याचे दाते. चित्र पाऊण मिनिट तसेच ठेवले आहे, संगीत बंद आहे आणि निवेदकही बोलत नाही. ही निवड ज्याने केली त्याला विषयाची जाण आहे. या यानांना वातावरणात शिरण्याआधी मुद्दाम गार करून घेतले जाई, म्हणजे आतली यंत्रे तापेपर्यंतची उसंत मिळावी, हेही सांगितले आहे. अशा एका तपशिलातून अभियांत्रिकी म्हणजे काय हे मुलांना समजते.

मंगळाचा भाग मोठा आहे आणि मुलांना तोच सर्वाधिक आवडला. जानेवारी २००४ मध्ये उतरलेल्या ऑपॉर्च्युनिटी या बग्गीची मोहीम ९० मंगळदिवसांची आखली होती. ती जून २०१८ मध्ये धुळीच्या वादळात संपर्क तुटेपर्यंत चालली आणि तिने ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले. पर्सिव्हिअरन्स बग्गीबरोबर गेलेले इन्जेन्युइटी हे १.८ किलो वजनाचे हेलिकॉप्टर पाच उड्डाणांसाठी पाठवले होते. पृथ्वीच्या तुलनेत एक टक्क्याच्या आसपास घनतेच्या हवेत त्याची पाती मिनिटाला सुमारे अडीच हजार फेरे घेत, आणि १९ एप्रिल २०२१ च्या पहिल्या उड्डाणापासून जानेवारी २०२४ पर्यंत त्याने ७२ उड्डाणे केली. हे सारे नेटके आहे. मात्र उतरण्याच्या प्रसंगात महत्त्वाचे काहीतरी राहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये पर्सिव्हिअरन्स उतरली तेव्हा मंगळाकडून पृथ्वीपर्यंत संदेश यायला सुमारे ११ मिनिटे लागत होती आणि वातावरणात शिरल्यापासून जमिनीवर टेकेपर्यंतचा सगळा खेळ सुमारे सात मिनिटांचा होता. म्हणजे ‘वातावरणात शिरलो’ हा निरोप पृथ्वीवर पोहोचला तेव्हा तिकडे जे व्हायचे ते होऊन गेले होते. यानाला आपला निर्णय आपणच घ्यावा लागतो, हा या साऱ्या क्षेत्राचा गाभा आहे, आणि चित्रफितीत मात्र नियंत्रण कक्षातला माणूस कळ दाबतो आणि यान वळते असे दाखवले आहे. शिक्षकांनी ही दुरुस्ती वर्गात आधीच करून ठेवावी.

आता त्या उणिवेकडे येतो जिच्यामुळे मी हे परीक्षण लिहायला बसलो. प्रश्नोत्तरांत सहावी-सातवीतल्या एका मुलीने विचारले, “ताई, नेपच्यूनजवळून जाणाऱ्या त्या यानाचा फोटो कुणी काढला?” प्रश्न अचूक होता. घुमटावर व्हॉयेजर २ नेपच्यूनच्या निळ्या गोलासमोरून सरकताना दिसते आणि ते दृश्य संगणकावर तयार केलेले आहे. तिथे दुसरा कॅमेरा नव्हता. सादरकर्तीने हे प्रामाणिकपणे सांगितले आणि मुलीला शाबासकीही दिली, परंतु संपूर्ण चित्रफितीत खरे छायाचित्र कोणते आणि कल्पनाचित्र कोणते याची कुठेही खूण नाही. व्हेनेरा १३ चे खडक खरे आहेत, त्यांच्यानंतर लगेच येणारा शुक्रावरच्या विजांचा देखावा रचलेला आहे, आणि दोन्ही सारख्याच ऐटीत समोर येतात. याने परिणाम उलटा होतो. रचलेले दृश्य नेहमीच अधिक झगमगीत असते. त्याच्यापुढे खरे छायाचित्र फिके वाटते, आणि ज्या धूसर चित्रासाठी हजारो लोकांनी आयुष्याची वर्षे घातली ते पाहून मूल विचारते की हे असे अस्पष्ट का. कोपऱ्यात ‘छायाचित्र’ आणि ‘कल्पनाचित्र’ एवढे दोन शब्द आलटून पालटून दाखवले तरी काम होईल. सादरकर्तीने ही सूचना लिहून घेतली आहे.

दुसरी उणीव अपयशांची. खेळात जवळजवळ प्रत्येक यान यशस्वी आहे. प्रत्यक्षात डिसेंबर १९७१ मध्ये मंगळावर अलगद उतरलेले मार्स ३ दोन मिनिटांच्या आत कायमचे गप्प झाले. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोहोचताना नष्ट झाले, कारण एका संगणकप्रणालीतून बलाची माहिती पौंडांच्या मापात येत होती आणि ती वापरणाऱ्यांनी न्यूटनच्या मापात धरली होती. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत एकक लिहिण्याचा आग्रह आम्ही शिक्षक का धरतो, हे मुलांना पटवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते या खेळात नाही.

सर्वांत जास्त खटकले ते चांद्रयान २ बद्दलचे एकच ओझरते वाक्य. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडर चंद्राच्या पृष्ठभागाजवळ पोहोचताना नियंत्रणाबाहेर गेला, हे आपल्याकडच्या मुलांना माहीत असते. त्या रात्री घरोघरी लोक दूरचित्रवाणीसमोर बसले होते. त्यापुढची चार वर्षे मात्र कोणी सांगत नाही. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साठत गेल्या, आणि यानाला ज्या जागेत उतरायचे बंधन होते ती ५०० मीटर लांब-रुंद एवढीच होती. चांद्रयान ३ साठी ती जागा सुमारे ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, मधले पाचवे इंजिन काढून चार ठेवली, पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले, वेग थेट मोजणारे लेझर उपकरण बसवले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. चांद्रयान २ चा परिभ्रमक तर चंद्राभोवती फिरतच राहिला होता आणि त्याने नव्या लँडरशी संपर्कही साधला. या दोन मोहिमा एकत्र सांगितल्या तरच त्यांना अर्थ येतो. खेळात चांद्रयान ३ वर तिरंगा आणि टाळ्या आहेत. टाळ्या मीही मनापासून वाजवल्या, पण त्या टाळ्यांमागचे काम मुलांसमोर यायला हवे होते. उतरल्यानंतर प्रज्ञान बग्गी सुमारे १०० मीटर चालली, तिने जमिनीत गंधक असल्याचे दाखवले, आणि काम आटोपल्यावर विक्रमने पुन्हा इंजिने पेटवून ४० सेंटिमीटर उंच उडी घेतली. परत येण्याच्या पायरीवरचे ते आपले पहिले पाऊल आहे, आणि त्याचा उल्लेखही नाही.

मंगळयानावर मात्र योग्य भर आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले, २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचलेले, सुमारे ४५० कोटी रुपये खर्चाचे ते यान सहा महिन्यांसाठी होते आणि आठ वर्षांच्या आसपास टिकले. चांद्रयान १ वरील उपकरणाच्या मदतीने २००९ मध्ये चंद्रावरच्या पाण्याच्या खुणा जाहीर झाल्या, तेही सांगितले आहे. आदित्य एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडे पाहत आहे, त्याला एक धावते वाक्य मिळाले.

लघुग्रहांचा आणि परत आणलेल्या नमुन्यांचा भाग आटोपशीर आहे, पण नेमका आहे. जपानच्या हायाबुसा २ ने डिसेंबर २०२० मध्ये र्‍युगू या लघुग्रहावरची साडेपाच ग्रॅमच्या आतबाहेर माती आणली, अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नूवरची १२१ ग्रॅम. चीनच्या चांग-ए ६ ने जून २०२४ मध्ये चंद्राच्या मागच्या बाजूची जवळपास दोन किलो माती पृथ्वीवर आणली. ज्या बाजूचे १९५९ मधले रेघाळलेले चित्र पाहून मुले गप्प झाली होती, तीच ही बाजू. संहितालेखकाने हा दुवा जोडलेला नाही, शिक्षकांनी जोडावा. मागची बाजू पृथ्वीकडे कधीच वळत नाही, म्हणून तिथल्या यानाशी बोलण्यासाठी चीनला आधी संदेश पुढे पाठवणारा उपग्रह चंद्रापलीकडे नेऊन ठेवावा लागला, हे सांगितल्यावर मुलांना मोहिमेची अवघडता लगेच उमगते.

व्हॉयेजरचा भाग शेवटी येतो आणि तो अपेक्षेप्रमाणे भव्य आहे. १९७७ मध्ये सुटलेल्या या दोन यानांपैकी व्हॉयेजर १ ऑगस्ट २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर २ नोव्हेंबर २०१८ मध्ये सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या कणांच्या, हद्दीबाहेर, ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचले. व्हॉयेजर १ आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरपेक्षा दूर आहे आणि त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येऊनही २२ तासांहून अधिक वेळ घेतो. इथे किलोमीटरचा आकडा शोभतो. तरीही संहितेने सर्वांत हृद्य भाग वगळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ कडून अर्थहीन माहिती येऊ लागली. स्मृतीची एक चिप निकामी झाली होती. सत्तरच्या दशकात लिहिलेली जुनी कागदपत्रे चाळून, बिघडलेल्या भागातला कार्यक्रम तुकडे करून स्मृतीच्या इतर जागी बसवून, प्रत्येक आज्ञेच्या उत्तरासाठी जवळपास दोन दिवस वाट पाहत अभियंत्यांनी एप्रिल २०२४ मध्ये ते यान पुन्हा बोलते केले. प्लुटोनियमवर चालणारी त्याची वीज दर वर्षी सुमारे चार वॅटने घटते, म्हणून एकेक उपकरण बंद करावे लागते. एवढ्या दूरच्या आणि इतक्या जुन्या यंत्राची ही देखभाल मला साऱ्या विषयातली सर्वांत आदराची गोष्ट वाटते.

सोलापूरच्या प्रेक्षकांसाठी तर इथे एक संधी चालून आली होती. दोन्ही व्हॉयेजरवरील सोनेरी तबकडीत ५५ भाषांतले अभिवादन आहे आणि त्यांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा आहेत. शिवाय केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या सभागृहात बसलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू, आणि शाळेत सारी मराठी बोलतात. चित्रफितीत तबकडी फिरताना दिसते, तिच्यावर परदेशी वाद्यसंगीत वाजते आणि अभिवादनांचा उल्लेख ‘जगातल्या अनेक भाषा’ असा करून सोडून दिला आहे. खेळ संपल्यावर मी ही माहिती सांगितली तेव्हा मागे बसलेल्या मुलांनी “तेलुगू पण आहे का, सर?” असे दोन-तीनदा खात्री करून विचारले. आयोजकांनी या चार अभिवादनांचे ध्वनिमुद्रण खेळात घातले तर पूर्व भागातील प्रत्येक शाळा त्यांना बोलावील, याबद्दल मला शंका नाही.

पृथ्वीवरच्या अँटेनांना खेळात स्थानच नाही, हीदेखील मोठी गळती आहे. व्हॉयेजरचा प्रेषक सुमारे २० वॅटचा. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत त्याच्या लहरींचे बळ एका वॅटच्या अब्जाव्या भागाच्याही अब्जाव्या भागाहून क्षीण होते. ते पकडण्यासाठी कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन, स्पेनमधील माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे ७० मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत. पृथ्वी फिरत असली तरी त्यांपैकी एक तरी यानासमोर असावी म्हणून त्या जगभर अशा विखुरल्या आहेत. दक्षिण आकाशातल्या व्हॉयेजर २ ला आज्ञा द्यायची तर कॅनबेराचीच मोठी तबकडी लागते. आपल्या यानांसाठी बंगळुरूजवळ ब्यालालू येथे ३२ मीटरची तबकडी उभी आहे. दूरवर गेलेल्या प्रत्येक यानाचे दुसरे टोक जमिनीवर असते, आणि ते टोक कोणी तरी दिवसरात्र सांभाळत असते.

पुढच्या मोहिमांवर चित्रफीत फारशी रेंगाळत नाही. गुरूच्या युरोपा या उपग्रहाकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर २०३० मध्ये पोहोचायचे आहे, युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस हे यान गुरूपाशी २०३१ मध्ये. आज सहावीत असलेले मूल तेव्हा महाविद्यालयात असेल किंवा पदवीच्या उंबरठ्यावर असेल. सादरकर्तीने हे त्यांना सांगितले आणि मुलांनी लगेच आपापली वये मोजली.

सादरकर्तीबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे योग्य होईल, कारण खेळाचे निम्मे श्रेय तिचे आहे. तिचे मराठी स्वच्छ आणि प्रमाण होते, मूल अडखळले तर वाक्य पूर्ण करायला ती वेळ देत होती, आणि जे तिला माहीत नव्हते ते माहीत नाही असे तिने स्पष्ट सांगितले. ध्वनिमुद्रित निवेदनाचे मराठी मात्र दुसऱ्या भाषेतून घाईने उतरवलेले वाटते. ‘यानाने आपला प्रवास चालू ठेवला’ या चालीची वाक्ये वारंवार येतात आणि ग्रहांच्या उपग्रहांना कधी ‘चंद्र’ तर कधी ‘मून’ म्हटले आहे. निवेदन बंद करून तिलाच थेट बोलू दिले तर खेळ कितीतरी सरस होईल. चौकशी केल्यावर कळले की आधी सांगितल्यास ते तशी सोय करतात.

शाळांना आणि गृहनिर्माण संस्थांना माझी शिफारस अशी. पाचवीच्या खालच्या मुलांसाठी हा खेळ लांब पडतो. सहावी ते दहावी हे योग्य वय. एका वेळी घुमटात दाटीवाटी करू नये, नाहीतर कडेच्या मुलांना चित्र वाकडे दिसते आणि उकाडाही वाढतो. सभागृहाचे छत पुरेसे उंच हवे, आणि वीज गेल्यास पंखा बंद पडून घुमट हळूहळू खाली बसतो, म्हणून जनित्राची सोय असलेली जागा निवडावी. नोंदणी करतानाच थेट निवेदन मागून घ्यावे, मरिनर ४ च्या फलकावर चित्रफीत थांबवायला सांगावे आणि प्रश्नोत्तरांसाठी ठरलेल्या दहा मिनिटांऐवजी किमान अर्धा तास राखून ठेवावा. आमच्या गटात वेळ संपल्यामुळे हात वर असलेली बरीच मुले तशीच बाहेर आली.